पुण्यात शिकलेला हात

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून तंजावर, मदुराई, रामेश्वरमच्या गाड्या सुटतात. लाल विटांची ही इमारत १९०८ सालची. तिच्या उत्तरेला पूनमल्ली हाय रोड आहे. तो ओलांडून पुरसवाक्कमच्या दिशेने निघालं की मिलर्स रोड लागतो. आज तिथे दुकानं, दवाखाने, बहुमजली घरं यांची दाटी आहे. १९१७ साली याच रस्त्यावरच्या 'टॉवर हाउस' नावाच्या बंगल्यात इंडिया फिल्म कंपनी सुरू झाली आणि दक्षिण भारतातला पहिला कथापट तिथे चित्रित झाला: 'कीचक वधम्'. तो काढणाऱ्या आर. नटराज मुदलियार यांना इतिहास 'तमिळ सिनेमाचे जनक' म्हणतो, पहिले निर्माते, पहिले दिग्दर्शक म्हणतो. ते खरंच आहे. पण कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा हातही त्यांचाच होता, हे मात्र सहसा एका ओळीत उरकलं जातं. मला त्या हाताविषयी लिहायचं आहे, कारण तो हात पुण्यात शिकला होता.

मुदलियार मूळचे वेल्लूरचे, जन्म १८८५ चा. घर सधन. मद्रासला येऊन १९०६ साली त्यांनी चुलतभाऊ धर्मलिंगम मुदलियार यांच्यासोबत 'वॉटसन अँड कंपनी' काढली. धंदा सायकलींचा, एका सायकलीची किंमत २५ रुपये. १९११ साली त्यांनी 'रोमार डॅन' ही कंपनी विकत घेतली आणि अमेरिकी मोटारी व त्यांचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. साखळी, दाते, स्प्रिंगा, वंगण या सगळ्यांत त्यांची दहा वर्षं गेली. छायाचित्रणाचा नाद होताच. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट पडद्यावर पाहिल्यावर या व्यापाऱ्याला प्रश्न पडला, तो मेकॅनिकला पडावा तसा: हे चालतं कसं?

उत्तर मिळालं पुण्यात. लॉर्ड कर्झनवरच्या माहितीपटासाठी काम केलेले स्ट्युअर्ट स्मिथ नावाचे ब्रिटिश कॅमेरामन तिथे होते. मित्रांच्या ओळखीने मुदलियार त्यांच्याकडे गेले आणि चित्रीकरणाचे प्राथमिक धडे घेऊन परतले.

कर्झनचं नाव आलं की मराठी वाचकाला थांबावंच लागतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातल्या माजलेल्या कीचकात प्रेक्षकांनी कर्झनलाच पाहिलं. द्रौपदी म्हणजे हा देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते समजलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. कर्झनला चित्रबद्ध करणाऱ्या माणसाकडून कॅमेरा शिकलेल्या मुदलियारांनी पहिल्या चित्रपटासाठी नेमकी कीचकाचीच कथा घ्यावी, हा योग विलक्षण आहे. यात त्यांचा राजकीय हेतू होता असं म्हणायला आधार नाही. उलट, पहिल्याच चित्रपटाला ही कथा कशाला, अशी कुरकुर नातलगांनी केली होती आणि लोकांच्या ओळखीची कथा म्हणून मित्रांनी ती उचलून धरली होती. तिकडे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी सहकाऱ्यांसह स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट काढला, तोही कीचकवधाचाच. १९२० सालच्या त्या 'सैरंध्री'तलं वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की त्याला कात्री लागली. दोन टोकांच्या दोन शहरांत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, दोन माणसं यंत्राशी झटत होती आणि दोघांनाही पहिल्यांदा भीमाच्या हातून कीचकच मारावासा वाटला.

मुदलियारांनी कॅमेरा मात्र विकत घेतला. तंजावर भागातले मूप्पनार नावाचे एक सधन जमीनदार होते. त्यांच्याकडचा विल्यमसन कंपनीचा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रिंटर मुदलियारांना १८०० रुपयांना मिळाला. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला कॅमेराही विल्यमसनचाच. म्हणजे दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' ज्या घराण्याच्या यंत्राने टिपला गेला, त्याच घराण्याचं यंत्र पुरसवाक्कमलाही होतं.

या यंत्राला मोटर नव्हती. बाजूचा दांडा हाताने फिरवायचा. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चौकटी पुढे सरकत आणि सेकंदाला १६ चौकटी हव्या असत, म्हणजे सेकंदाला बरोब्बर दोन फेरे. हात मंदावला की पडद्यावरचा माणूस धावू लागे आणि हात घाईवर आला की तोच माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसे. समोर कीचक द्रौपदीवर झडप घालत असला तरी कॅमेरामनच्या मनगटाने उत्तेजित व्हायचं नाही. 'कीचक वधम्'ची लांबी ६००० फूट सांगितली जाते. एका फुटात १६ चौकटी धरल्या तर ९६,००० चौकटी होतात आणि दांड्याचे १२,००० फेरे. फुकट गेलेली फिल्म यात धरलेली नाही. सुमारे पाच आठवडे चाललेल्या चित्रीकरणाचा हा किमान हिशोब आहे. दिग्दर्शक म्हणून मुदलियारांच्या वाट्याला किती काम आलं, हे या आकड्यासमोर ठेवून पाहावं. कारण नटांची तयारी करून घ्यायला सी. रंगवडिवेलू होते. ते वकील होते आणि नाटककार पम्मल संबंद मुदलियारांच्या सुगुण विलास सभा या नाट्यसंस्थेतले नावाजलेले नट. खुद्द पम्मल संबंद यांचा सल्लाही पाठीशी होता. अभिनयाची बाजू रंगभूमीची माणसं सांभाळत होती. कॅमेऱ्यामागे मदत करू शकेल असा जाणकार शहरात शोधूनही मिळाला नसता.

खरी परीक्षा प्रकाशाची होती. स्टुडिओत विजेचे दिवे नव्हते, सगळं काम उन्हात. मद्रासचं ऊन डोक्यावर आलं की नाकाखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि चेहऱ्याचा मुखवटा होतो. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळं उमटे, लाल लुगडं काळं, निळं आकाश पांढरंफटक आणि सावळा चेहरा आहे त्याहून गडद. म्हणून मुदलियारांनी नटांच्या डोक्यावर पातळ पांढरं कापड ताणलं आणि ऊन त्यातून गाळून घेतलं. दादरला फाळक्यांच्या चित्रीकरणात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. त्याच दशकात लॉस एंजेलिसला छप्पर नसलेल्या रंगमंचांवर तलम मलमलीचे पडदे ताणून चित्रीकरण चाललेलं होतं. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा कॅमेरामन बिली बिट्झर अशाच उजेडात १९१६ च्या 'इंटॉलरन्स'पर्यंत पोहोचला. तो मुळात चांदीकामाच्या उमेदवारीतून आणि विजेच्या कामातून आलेला कारागीर. आमचे मुदलियार सायकली आणि मोटारींतून आलेले. सिनेमाच्या पहिल्या पिढीतल्या छायाचित्रकारांना शाळा नव्हती. हाताशी जी कारागिरी होती ती घेऊन ते आले आणि कापड ताणण्याची युक्ती प्रत्येकाला आपापल्या उन्हाने शिकवली.

चित्रित झालेली फिल्म धुण्यासाठी मुदलियारांनी प्रयोगशाळा थाटली ती मद्रासला नाही, बंगळुरूला. गार हवेत फिल्म टिकेल, हा त्यामागचा विचार. तिथलं काम नारायणस्वामी आचारी पाहत. आठवडाभर मिलर्स रोडवर दांडा फिरवायचा, आठवड्याच्या शेवटी फिल्म घेऊन बंगळुरू गाठायचं, धुऊन पाहायचं आणि परत यायचं. आपण टिपलेलं चित्र नीट उतरलं की नाही हे कळायला साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास! तोवर नट, वेशभूषा, देखावा सगळं थोपवून धरायचं. या धीराची नोंद घ्यायला हवी असं मला वाटतं. आजच्या छायाचित्रकाराच्या डोळ्यांसमोर दृश्य लगेच पडद्यावर असतं. मुदलियारांना स्वतःच्या नजरेवर आठवडाभर विसंबून राहावं लागे.

चित्रपटावर ३५,००० रुपये खर्च झाले आणि ५०,००० मिळाले. राजू मुदलियार कीचक झाले होते, जीवरत्नम् द्रौपदी. मद्रासच्या एल्फिन्स्टन थिएटरात तो लागला, पुढे ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत गेला. मूकपटातल्या पाट्या तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत होत्या. हिंदी पाट्या महात्मा गांधींचे पुत्र देवदास गांधी यांनी लिहिल्या होत्या. १९१८ साली हिंदीच्या प्रचारासाठी ते मद्रासला आले होते. त्यानंतर 'द्रौपदी वस्त्रापहरणम्', 'लव कुश', 'रुक्मिणी सत्यभामा', 'मार्कंडेय', 'मयिल रावणन्' असे पौराणिक चित्रपट मुदलियारांनी काढले. 'द्रौपदी'त नायिकेचं काम करायला एक अँग्लो-इंडियन स्त्री तयार झाली, कारण घरंदाज स्त्रिया कॅमेऱ्यासमोर यायला तेव्हा राजी नव्हत्या. ही अडचण फाळक्यांनाही चुकली नव्हती.

१९२३ साली स्टुडिओला आग लागली. त्याच सुमारास मुलगा गेला. मुदलियारांनी सिनेमा सोडला, तो कायमचा. तेव्हा ते चाळिशीतही नव्हते.

त्यांचा एकही चित्रपट आज शिल्लक नाही. दक्षिणेत शंभराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतला 'मार्तंड वर्मा' तेवढा हाती लागला आणि तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची निदान काही रिळं आपण पाहू शकतो, फाळक्यांचा कॅमेरा कुठे ठेवला होता हे ताडू शकतो. मुदलियारांच्या बाबतीत तेही नाही. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात लिनिअस ट्राइप यांनी १८५८ साली अमरावतीच्या शिल्पांची छायाचित्रं घेतली होती. ती टिकली, त्यांवर आज ग्रंथ निघतात. साठ वर्षांनी तिथून हाकेच्या अंतरावर टिपलेली ९६,००० चित्रं गेली. हे नुकसान एका माणसाचं नाही. दक्षिणेतल्या सिनेमाच्या छायाचित्रणाचं पहिलं पानच त्यामुळे कोरं आहे.

मुदलियार १९७१ पर्यंत जगले. तोवर त्यांच्या जुन्या परिसरात बरंच काही घडून गेलं होतं. किलपॉकच्या न्यूटोन स्टुडिओत एलिस डंगन हा अमेरिकी दिग्दर्शक काम करून गेला होता. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात सिनेमा शिकून तो १९३५ साली भारतात आला आणि पंधरा वर्षं राहिला. तमिळ त्याला येत नव्हती, पण कॅमेरा आणि प्रकाश उत्तम कळत होता. १९४५ च्या 'मीरा'साठी त्याने एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा पुतळा करून घेतला. तो वेगवेगळ्या कोनांत फिरवत, दिवे पुढेमागे सरकवत त्याने आणि छायाचित्रकार जितेन बॅनर्जींनी कुठला प्रकाश त्या चेहऱ्याला शोभतो हे आधीच ठरवलं आणि मगच सुब्बुलक्ष्मींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं.