कामगार नेतृत्वाची घडण : खेड तालुक्याचा वारसा आणि महाळुंग्याची गरज

चाकण म्हटले की एकेकाळी कांद्याची बाजारपेठ आणि संग्रामदुर्ग किल्ला एवढेच डोळ्यांसमोर उभे राहत असे. आज त्या ओळखीत फार मोठी भर पडली आहे. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाल्यावर खेड तालुक्यातील महाळुंगे इंगळे हे गाव लागते. ज्या शिवारात पूर्वी पिके डोलत असत, तेथे आता मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर जो जनसमुदाय दिसतो, त्यात स्थानिक तरुणांबरोबर मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून तसेच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले तरुण मोठ्या संख्येने असतात. यांपैकी अनेक जण कंत्राटदारामार्फत कामाला लागलेले असतात आणि चार-पाच जण मिळून एका खोलीत राहतात.

अशा कामगाराचे वेतन थकले, यंत्रावर काम करताना त्याच्या हाताला इजा झाली किंवा काम अचानक बंद झाले, तर त्याने कोणाकडे जावे? कायदे आहेत, कार्यालये आहेत, योजनाही आहेत. परंतु कामगार आणि या व्यवस्था यांच्यामध्ये एका जाणत्या माणसाची आवश्यकता असते. तो माणूस म्हणजे कामगार कार्यकर्ता होय. हा कार्यकर्ता कसा घडतो, त्याच्या वाटचालीचे टप्पे कोणते आणि त्या घडणीस गावाचा हातभार कसा लागू शकतो, याचा विचार औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक गावाने करावयास हवा.

कन्हेरसरचा वारसा

या विचाराचा प्रारंभ खेड तालुक्यातूनच करता येतो, हा एक सुखद योगायोग होय. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांचा गौरव केला जातो, ते नारायण मेघाजी लोखंडे मूळचे याच तालुक्यातील कन्हेरसरचे. त्यांचा जन्म १८४८ सालचा. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना लवकर नोकरी धरावी लागली. प्रारंभी रेल्वे आणि टपाल खात्यात काम केल्यानंतर ते मुंबईतील मांडवी येथील कापड गिरणीत भांडारपाल झाले. गिरणी कामगारांचे जीवन त्यांनी पाहिले ते तेथे, अगदी जवळून.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र लोखंडे यांनी १८८० साली मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालविले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आजही मुळातून समजून घेण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे. वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावे आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराची भरपाई व्हावी.

या मागण्यांमध्ये एकही मागणी मोघम नव्हती, ही त्यातील लक्षणीय बाब होय. वेळ, तारीख आणि कारण यांसह प्रत्येक मागणी मांडली होती. तरीही पहिले यश पदरात पडण्यास सहा वर्षे लागली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले. १८९३ साली मुंबईत जातीय दंगल उसळली, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा घडवून आणण्यासाठी लोखंडे पुढे झाले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले.

नोकरी, निरीक्षण, लेखन, संघटन, वाटाघाटी आणि संकटकाळी समाजसेवा असा त्यांच्या जीवनाचा क्रम दिसतो. कामगार नेतृत्वाची पायवाट अशी सव्वाशे वर्षांपूर्वीच आखली गेली.

पाठीवरच्या ओझ्यापासून कायद्यापर्यंत

गिरणी कामगारांच्या हजेरीपटावर निदान नाव तरी होते. हमाल आणि माथाडी कामगारांना तेही नव्हते. आज एका व्यापाऱ्याचे, उद्या दुसऱ्याचे ओझे उचलणाऱ्या या माणसाचा मालक कोण, हाच प्रश्न होता. तो प्रश्न हाती घेणारे अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. त्यांनी मुंबईत येऊन स्वतः ओझी वाहिली आणि त्याच कामगारांची संघटना बांधली. या प्रयत्नांतून महाराष्ट्राचा १९६९ सालचा माथाडी कायदा साकार झाला.

या कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. कामगार आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. मंडळावर मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधी आणि शासनाचे प्रतिनिधी असतात. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावयाची असते. लेव्हीच्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, वैद्यकीय मदत यांसारखे लाभ दिले जातात. मालक बदलला तरी कामगाराचा हक्क बदलत नाही, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने हेच कार्य वेगळ्या मार्गाने केले. वैद्यकीय व्यवसायातून ते कष्टकऱ्यांच्या जीवनाकडे वळले. केवळ मजुरीच्या दरावर न थांबता हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे स्वस्त आणि सकस अन्न देणारे केंद्र सुरू केले. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया तिच्या सभासद झाल्या. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांनी त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्यांना कालपर्यंत कोणी नावाने हाक मारीत नव्हते, त्या स्त्रिया अधिकाऱ्यांसमोर बसून आपले म्हणणे मांडू लागल्या.

नेतृत्वाचे टप्पे

वक्तृत्व असले की नेता तयार झाला, असा एक समज रूढ आहे. वरील उदाहरणे मात्र वेगळेच सांगतात. कार्यकर्त्याची पहिली पायरी विभागातील प्रतिनिधीची असते. आपल्या पाळीतील कामगारांचे म्हणणे ऐकणे, ते लिहून ठेवणे आणि व्यवस्थापनासमोर शांतपणे मांडणे, एवढेच त्याचे काम. दुसरी पायरी संघटनेतील पदाधिकाऱ्याची. येथे वर्गणीचा हिशेब, सभेचे इतिवृत्त आणि पत्रव्यवहार सांभाळावा लागतो. तिसरी पायरी वाटाघाटी करणाऱ्याची. कारखान्याचा ताळेबंद वाचता येणे, वेतनवाढीचा आकडा मांडता येणे आणि कोठे थांबावे हे कळणे, हे गुण येथे लागतात. चौथी पायरी पूर्णवेळ कार्यकर्त्याची. त्याचे मानधन सभासदांच्या वर्गणीतून येते. म्हणून त्याचा हिशेब सभासदांपुढे उघडा असावा लागतो.

पहिल्या पायरीवरील ज्ञानाचे एक साधे उदाहरण पाहावे. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या दरांनुसार कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा वाटा ३.२५ टक्के आहे. म्हणजे १६,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे १२० रुपये कापले जातात आणि मालकाने ५२० रुपये भरावयाचे असतात. कामावर अपघात झाल्यास या योजनेचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते. प्रेस यंत्रावर बोटे गमावलेल्या तरुणाला त्याचे नाव योजनेत नोंदलेलेच नाही असे रुग्णालयात कळावे, यासारखे दुर्दैव नाही. वेतनपावती वाचू शकणारा एक सहकारी शेजारी असेल, तर हा प्रश्न अपघातापूर्वीच विचारला जातो. नेतृत्वाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

संघटनेत दुसरी फळी तयार होणे हाही या घडणीचा आवश्यक भाग होय. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाच्या परिणामांची कारणे अनेक होती. तथापि संपूर्ण लढा एकाच व्यक्तीच्या निर्णयावर विसंबून राहणे किती जोखमीचे असते, याचे भान त्या अनुभवाने चळवळीला दिले. जो कार्यकर्ता आपल्यासारखे आणखी दहा जण तयार करतो, त्याचेच काम टिकते.

शिक्षणाच्या सोयी

या शिक्षणाची सोय महाराष्ट्रात उपलब्ध आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळाने कामगारांतूनच शिक्षक तयार करण्याची पद्धत रुजविली. हे मंडळ आता दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई येथील राज्य शासनाच्या कामगार अभ्यास संस्थेला नारायण मेघाजी लोखंडे यांचेच नाव देण्यात आले असून तेथे कामगार विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे. अशा शिक्षणातून संघटनेचा कार्यकर्ता, कामगार कल्याण अधिकारी किंवा स्वयंसेवी संस्थेचा संघटक होण्याचा मार्ग खुला होतो. खेड्यातील पदवीधर तरुणाला हीदेखील उपजीविकेची एक प्रतिष्ठित दिशा आहे, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

कायद्याने दिलेली जागा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदी नेतृत्वाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. तिच्यात मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधी असतात, सदस्यसंख्या दहापेक्षा अधिक नसते आणि स्त्रियांना त्यांच्या प्रमाणानुसार स्थान द्यावे लागते. अनेक संघटना असल्यास ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींसाठी मान्यता पावते. तसा पाठिंबा कोणालाही नसल्यास वाटाघाटी परिषद स्थापन होते. संघटित क्षेत्रातील संघटनेच्या पदाधिकाऱ्यांमध्ये बाहेरील व्यक्तींची संख्या एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा अधिक असू शकत नाही.

या शेवटच्या तरतुदीचा अर्थ स्पष्ट आहे. नेतृत्व प्रामुख्याने कामगारांमधूनच यावे लागेल. बाहेरून नेता आणण्याचे दिवस मर्यादित झाले असताना आतून नेता घडविला नाही, तर समित्यांच्या जागा कागदावर भरतील आणि तक्रारी मात्र मनात साचतील.

नेता आणि दलाल

नेतृत्वाची जागा रिकामी राहिली की ती भलत्यांकडून भरली जाते. माथाडी कायद्याच्या आणि संघटनेच्या नावाखाली उद्योजकांकडून पैसे उकळण्याच्या तक्रारी चाकण पट्ट्यातून झालेल्या आहेत. अशा प्रकारांत उद्योगाचे नुकसान होतेच. परंतु त्याहून अधिक नुकसान खऱ्या कष्टकऱ्याचे होते. ज्या कायद्यासाठी हमालांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, त्या कायद्याविषयीच लोकांच्या मनात शंका उत्पन्न होते. खरा नेता ओळखण्याची कसोटी मात्र अवघड नाही. त्याच्याकडे सभासदांची नोंदवही असते, वर्गणीची पावती असते, सभेचे इतिवृत्त असते आणि ज्यांच्या वतीने तो बोलतो ते कामगार त्याच्याबरोबर असतात. दलालाकडे यांपैकी काहीही नसते.

गावाचे दायित्व

महाळुंग्यासारख्या गावात कामगार केवळ कारखान्यात नसतो. तो भाड्याच्या खोलीत राहतो, गावचे पाणी पितो आणि त्याची मुले गावच्या शाळेत जातात. म्हणून हा विषय ग्रामपंचायतीचाही आहे. पाण्याचा, कचऱ्याचा किंवा रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रियांच्या वाटेवरील दिव्यांचा विचार करताना वस्त्यांमधील परगावच्या कामगारांचे दोन प्रतिनिधी बोलावले, तर त्यांचीही घडण तेथूनच सुरू होईल. आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेची खोली वेतनपावती, विमा आणि भविष्य निर्वाह निधी समजावून घेण्यासाठी उपलब्ध करून देता येईल. शिक्षकांनी अर्ज आणि इतिवृत्त लिहिण्यास शिकविले, अधिकाऱ्यांनी नियम सोप्या भाषेत सांगितले, तर खर्च फारसा नाही आणि लाभ मोठा आहे. शाळेच्या इतिहासाच्या तासाला लोखंडे यांचे नाव घेताना कन्हेरसर आपल्याच तालुक्यात आहे, एवढे जरी विद्यार्थ्यांना सांगितले, तरी त्यांच्या मनात एक बीज पडेल.

रविवारची सुटी आज सर्वांना स्वाभाविक वाटते. ती मिळविण्यासाठी एका भांडारपालाने सह्या गोळा केल्या, निवेदने लिहिली आणि सहा वर्षे धीर धरला. महाळुंग्याच्या एखाद्या खोलीत आज आपल्या सोबत्यांची वेतनपावती वाचून दाखविणारा तरुण त्याच वाटेवरचा प्रवासी आहे. त्याला ओळखणे, त्याला शिकविणे आणि त्याला विश्वासाने जवळ बसविणे, हे गावाचे, शाळेचे आणि शासनयंत्रणेचे समान कर्तव्य होय.