‘आरोपी’ आणि ‘जाबदार’ : छळाच्या आरोपासंबंधीच्या दिवाणी साक्षीतील मौन

आरोपीस मौनाचा अधिकार असतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु छळाचा आरोप झालेल्या व्यक्तीस हा अधिकार दिवाणी न्यायालयातही मिळतो काय, या प्रश्नाचा उलगडा न्यायव्यवहारातील दोन शब्दांच्या अर्थभेदातून होऊ शकतो.

उदाहरणादाखल नांदेडचा पती व लातूरचे माहेर असलेली पत्नी कल्पावी. छळाच्या फिर्यादीवरून नांदेडला पतीविरुद्ध फौजदारी खटला चालू आहे. पत्नीने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका मात्र लातूरला दाखल केली आहे. हिंदू विवाह अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीने पत्नीस स्वतःच्या निवासस्थानी अशी याचिका करण्याची मुभा दिली आहे. नांदेडला पती ‘आरोपी’ आहे, लातूरला तो ‘जाबदार’ आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण अपराधाचा आरोप असलेल्या व्यक्तीस आहे. तिच्यावर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. ‘साक्षी’ म्हणजे साक्षात् पाहणारा, अशी व्युत्पत्ती पाणिनीने दिली आहे. काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दाची मर्यादा आखली : स्वतःस ज्ञात असलेली गोष्ट सांगणे म्हणजे साक्षीदार होणे, बोटांचे ठसे देणे म्हणजे नव्हे. नांदेडला पती गप्प राहिला, तरी गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावरच राहतो.

‘जाबदार’ शब्दाचे तसे नाही. ‘जाब’ हे अरबी ‘जवाब’चे मराठी रूप, ज्याने उत्तर द्यावयाचे तो जाबदार. दिवाणी प्रक्रियाही याच अपेक्षेवर उभी आहे. लेखी कैफियतीत ज्या कथनाचा स्पष्ट इन्कार नाही, ते सामान्यतः मान्य समजले जाते. पक्षकार स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात आला नाही, तर त्याचे म्हणणे खरे नसावे असे अनुमान निघू शकते, हे विद्याधर विरुद्ध माणिकराव या प्रकरणी १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

पिंजऱ्यात आल्यावर काय? १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम १३२, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३७, यांचा आशय एकच आहे : उत्तर आपणास गुन्ह्यात गोवील, या सबबीवर साक्षीदारास संबद्ध प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. मात्र सक्तीने दिलेले असे उत्तर खोट्या साक्षीच्या खटल्याखेरीज अन्य फौजदारी कार्यवाहीत त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अमेरिकेची रीत उलट आहे. तेथे दिवाणी जबानीतही उत्तर नाकारता येते. पण त्या नकारावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास संविधानाची आडकाठी नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली मान्य केले. तेथे मौनास मुभा आहे, पण त्याची किंमत पडते. येथे बोलण्याची सक्ती आहे, पण बोललेल्यास कवच आहे.

हे कवच सक्तीच्या उत्तराचे आहे, हे विसरता कामा नये. स्वेच्छेने लिहिलेल्या कैफियतीस किंवा सरतपासाच्या शपथपत्रास ते मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच फौजदारी खटला संपेपर्यंत दिवाणी काम थांबवावे, अशी विनंती केली जाते. एम. एस. शेरीफ प्रकरणात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कामास अग्रक्रम देणे इष्ट मानले. पण त्याबाबत ठाम नियम करता येत नाही, असेही सांगितले. अशी स्थगिती मिळाल्यास पतीचा बचाव सुरक्षित राहतो. लातूरच्या पत्नीचा निर्णय मात्र तितकाच लांबतो.

तात्पर्य, मौनाचा अधिकार राज्याच्या दंडशक्तीपासून रक्षण करतो. दुसऱ्या पक्षकारास द्यावयाच्या उत्तरापासून तो मुक्त करीत नाही. आरोपीचे मौन कबुली ठरत नाही. जाबदाराचे मौन बहुधा उत्तरच समजले जाते.