ठगीची दप्तरे लंडनमध्ये, विद्यार्थी जबलपुरात

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत दरवर्षी १२५ जागा असतात. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहेत. २०२२ च्या नियमावलीत या योजनेला एक कलम जोडण्यात आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीला अपात्र. युक्तिवाद असा की, या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत. मोजक्या जागा अन्य विद्यांना द्याव्यात.

हा युक्तिवाद सरसकट खोटा नाही. जबलपूरजवळच्या तेवर गावी, म्हणजे प्राचीन त्रिपुरीत, कलचुरींची राजधानी होती. त्यांच्या कोरीव लेखांचा प्रमाणभूत संग्रह महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सिद्ध केला, तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांना इंग्लंड गाठावे लागले नाही. शिलालेख इथले, ताम्रपट इथले आणि ते वाचणारी विद्याही इथलीच.

परंतु त्याच जबलपूरच्या एकोणिसाव्या शतकाकडे वळले की चित्र पालटते. ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम विल्यम स्लीमन याने याच शहरातून चालवली. कटनीच्या वाटेवरचे स्लीमनाबाद आजही त्याचे नाव वागवते. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला; अमुक एक कृत्य सिद्ध करण्याची गरज उरली नाही. माफीचे साक्षीदार आणि त्यांची कुटुंबे जबलपुरात नजरेखाली ठेवली गेली. त्यांच्याकडून तंबू व गालिचे विणून घेत. व्यक्तीऐवजी समूहालाच गुन्हेगार मानण्याची ही रीत पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि त्याच्या जाचातून सुटलेल्यांना आपण विमुक्त म्हणू लागलो.

या मोहिमेची काही दप्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, हे मान्य. पण कंपनीच्या संचालकांपुढे गेलेली कागदपत्रे आणि त्यांवरचा लंडनमधील विचार ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहे. समजा, जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयातून इतिहासात एम.ए. झालेली एखाद्या विमुक्त जमातीतील मुलगी या विषयाचा प्रबंध घेऊन लंडनला जाऊ इच्छिते. तिच्या जमातीसाठी सहा जागा राखलेल्या आहेत, आणि त्या ज्या इतिहासामुळे राखाव्या लागल्या, नेमका तोच तिला अभ्यासता येत नाही. हा विरोधाभास मंत्रालयातील कोणाच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला जड जाते.

डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. करारात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. अट कडकच म्हणायची, पण ती सेवेविषयी होती. त्यांच्या १९१५ च्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय प्राचीन भारतातील व्यापार हा होता, आणि मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. आजच्या नियमावलीपुढे हे दोन्ही विषय टिकले नसते.

पैशाचा प्रश्न वेगळा आणि तितकाच खरा. जुलै २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास असे कळवण्यात आले. विद्यापीठाचा विनाअट प्रवेश आधी मिळवावा लागतो, आणि तो प्रवेश शिष्यवृत्तीची वाट पाहत थांबत नाही. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेतल्या घराने तोवर शुल्क कोठून भरावे? निधी तोकडा असेल तर जागा कमी कराव्यात आणि तसे उघड सांगावे. विषय वगळून पैसा वाचत नाही, कारण जागा तेवढ्याच राहतात.

विषयावरची सरसकट बंदी काढून प्रत्येक अर्जदाराकडून एकच टिपण मागवता येईल: आपली साधने कोणत्या ग्रंथालयात वा अभिलेखागारात आहेत आणि ती इथे का मिळत नाहीत. कलचुरींचा अभ्यासक त्या टिपणावर बहुधा अडेल. ठगीच्या अभ्यासकाला ते एका पानात लिहिता येईल.