हवा हवी, कीड नको : पॉलिहाऊसमधील समतोल

उष्ण प्रदेशातील पॉलिहाऊसमध्ये सूर्यप्रकाशाने तापलेली हवा हलकी होऊन छताच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि तिची जागा बाजूच्या मोकळ्या भागातून येणारी तुलनेने थंड हवा घेते. या नैसर्गिक वायुवीजनावरच पिकाचे आरोग्य अवलंबून असते, कारण तापमान दीर्घकाळ ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फळधारणा घटते. मात्र त्याच वाटेने पांढरी माशी आणि फुलकिडे आत शिरतात. पांढरी माशी टोमॅटोवर पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते, म्हणून झरोक्यांना कीटकरोधक जाळी लावतात.

जाळीची सूक्ष्मता ‘मेश’ या मापाने, म्हणजे एका इंचातील धाग्यांच्या संख्येने, सांगितली जाते. ५० मेशच्या जाळीचे छिद्र अरुंद बाजूने सुमारे पाव मिलिमीटर असल्याने पांढरी माशी बहुतांशी अडते. त्याहून सडपातळ फुलकिड्यांसाठी अधिक बारीक जाळी लागते, पण छिद्र जितके लहान, तितका हवेला होणारा विरोध वाढतो आणि आतील उष्णता व आर्द्रता कोंडते.

यावरचा उपाय जाळी विरळ करणे हा नसून तिचे क्षेत्रफळ वाढवणे हा आहे. झरोके मोठे ठेवणे, जाळी घड्या घालून किंवा बाहेर फुगवून बसवणे, छताची उंची वाढवणे आणि छिद्रांत साचलेली धूळ नियमित धुणे यांमुळे हवा खेळती राहते. प्रवेशद्वारी दुहेरी दार आणि अतिनील किरण शोषणारे आच्छादन यांची जोड दिल्यास किडींचा शिरकाव आणखी घटतो व फवारणीची गरजही कमी होते.