आशाताईचा दिवस आणि स्वामींची मालिका

पहाटे ५.३०
चुलीवर पाणी ठेवून डायरी उघडते. त्वरितादेवीच्या दर्शनाला निघालेल्या बाया दारावरून जाताना हाक मारतात. आशा स्वयंसेविका म्हणून आज घरभेटी जास्त आहेत, त्यामुळे भाकरी लवकर थापते.

सकाळी ७.३०
दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॉलीत गाठोडी, भांडी, पाण्याचे ड्रम, वर लेकरं. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे सहा महिन्यांची पोटुशी सूनही निघालीय. तिच्या हातात लोहाच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड देते.
सासू म्हणते, "आवो ताई, स्वामी हायेत की पाठीशी. कालचा भाग नाही बघितला का?"
"हायेतच, मावशी. पण कारखान्यावर दवाखान्यात गेल्यावर हे कार्ड दाखवा."

सकाळी १०
एका बाळंतिणीच्या घरी जाते, आज तिच्या बाळाचा चौदावा दिवस. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. हात धुऊन बाळाला झोळीच्या काट्यात ठेवते. मग त्याच्या पोटावर नजर लावून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठच्या वर. पुन्हा मोजते, पुन्हा साठच्या वर. बाळ दूधही ओढत नाही. आई म्हणते, "कालपासून असंच आहे, पण सव्वा महिना झाल्याशिवाय मी बाहेर कशी पडू?" तिथूनच १०२ ला फोन लावते आणि गाडीत त्यांच्याबरोबर बसते.

दुपारी १
बाळाला दाखल करून घेतलं. नोंदी करत बाहेरच्या बाकावर डबा खाते.

दुपारी ४
कापसाच्या रानात गरोदर बायांना तपासणीची तारीख सांगायची असते. वेचणी करणाऱ्यांच्यात विषय मालिकेचाच. 'जय जय स्वामी समर्थ' २८ डिसेंबर २०२० ला कलर्स मराठीवर सुरू झाली. अक्षय मुडावदकर स्वामी झाले, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या पडद्यालाच हात जोडू लागल्या. स्वामी १८५६ साली अक्कलकोटला आले, १८७८ ला समाधिस्थ झाले. त्या काळातला गांजलेला माणूस भागात येतो, रडतो, चुकतो, आणि स्वामी त्याला सावरतात. कधी मायेनं, कधी खडसावून. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला आपलं कुणी ऐकून घेतंय, हे बघायला मिळतं. तिला त्याचा आधार वाटतो, आणि तो आधार मी खरा मानते.

रात्री ८.३०
जेवणं उरकून सासूबाईंबरोबर मोबाईलवर भाग बघते. दुःखी माणूस स्वामींच्या दाराशी येतो, तो प्रसंग सासूबाईंना आवडतो. मला स्वामी स्वतः उठून कुणाच्या घरी जातात ते भाग जास्त भावतात. कारण सगळ्यात अडलेलं माणूस दारापर्यंत येऊच शकत नाही. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, टोळीतली पोरगी काम सोडू शकत नाही, चौदा दिवसांचं लेकरू तर रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. त्यांच्यापर्यंत कुणीतरी चालत जावंच लागतं. २००५ पासून सरकारनं गावोगावी आशा नेमल्या त्या यासाठीच. देवावर श्रद्धा असलेल्या प्रत्येकानं आपल्या गल्लीत असं एक घर धरावं, असं मला मनापासून वाटतं.

रात्री १०
दवाखान्यातून बाळाच्या मामाचा फोन येतो: ऑक्सिजन लावलाय, श्वास थोडा सुधारलाय. उद्याच्या पानावर पहिली भेट बाळाचीच लिहिते.