कामाला कायद्याची हमी देणारे सभापती

विधान परिषदेच्या सभापतीचा आणि आपल्या बांधाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर चटकन उत्तर सुचणार नाही. सभापतीकडे खातं नसतं, बदल्यांचे अधिकार नसतात. सभागृहात त्याने भाषणं ठोकायची नसतात, दुसऱ्यांची ऐकून घ्यायची असतात. पण आपल्या राज्यात एक सभापती असे होऊन गेले, की त्यांच्या विचाराची खूण गावोगावच्या पाझर तलावात, नालाबांधात आणि माळावरच्या फळबागेत दिसते. ते म्हणजे कै. वि. स. पागे.

विठ्ठल सखाराम पागे सांगली जिल्ह्यातले. जन्म 1910 चा. शिक्षण वकिलीचं, पण ओढ स्वातंत्र्य चळवळीची आणि संत वाङ्मयाची. तासगाव तालुक्यातलं विसापूर ही त्यांची कर्मभूमी. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, तब्बल 18 वर्षं, त्या खुर्चीवर राहिले. मंत्रिपदाचा शिक्का त्यांच्या हाती नव्हता. तरीही रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून राज्य त्यांनाच ओळखतं.

टंचाईची वाट का बघायची?

कोरडवाहू गावची रीत तुम्हाला सांगायला नको. सुगी सरली की मजुराचे हात रिकामे. पूर्वी सरकारी काम निघायचं ते दुष्काळ पडल्यावर. आधी आणेवारी, मग टंचाई जाहीर, मग खडी फोडायला चला! पण पोट काही आणेवारीची वाट बघत थांबत नाही. पागेसाहेबांचं म्हणणं साधं होतं. दुष्काळ असो वा नसो, अंगमेहनत करायला तयार असलेला माणूस काम मागेल, तेव्हा सरकारने ते दिलं पाहिजे. आणि ते काम माती अडवणारं, पाणी जिरवणारं, गावाच्या कामी येणारं असावं.

तासगाव तालुक्यातच या कल्पनेचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 मध्ये योजना राज्यासाठी घेतली गेली. तेवढ्यात मोठा दुष्काळ कोसळला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. ती सुकडी आणि तो मिलो जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. गावात काम मिळालं नाही तर काय होतं, हे त्या दिवसांनी सगळ्यांना दाखवलं.

मग प्रश्न आला पैशाचा. 1975 साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून, व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून थोडा थोडा पैसा खेड्यातल्या मजुरीसाठी आला, आणि सरकारनेही त्यात आपली भर घातली. पुढे रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

मेहेरबानी नव्हे, हक्क

योजना आणि कायदा यातला फरक नीट समजून घ्या. योजना म्हणजे सरकारची इच्छा. आज आहे, उद्या गुंडाळली. कायदा म्हणजे हक्क. या कायद्याने खेड्यातल्या प्रौढ माणसाला अकुशल काम मागण्याचा अधिकार दिला. 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं बंधन सरकारवर घातलं. त्यातून बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले, रस्ते झाले. 1990 पासून फळबाग लागवड त्याला जोडली गेली आणि आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ लहान शेतकऱ्याच्या हलक्या रानात पोचलं. काम मागायला बायका मोठ्या संख्येने पुढे आल्या, कारण दुसऱ्याच्या दारात हात पसरण्यापेक्षा पाटी उचललेली बरी.

सगळं गोडच होतं असं नाही. हजेरीपटावर खोटी नावं लागली, मजुरी रेंगाळली, काही बंधारे पहिल्याच पावसात वाहून गेले. तो दोष कल्पनेचा नव्हे, राबवणाऱ्यांचा. 1990 साली पागेसाहेब गेले. 2005 मध्ये संसदेने कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव देशापुढे होता.

योजनांची नावं बदलतात, दिवसांचे आकडे बदलतात. पण हमीचा जीव एका कागदात असतो, आणि तो कागद म्हणजे कामाची मागणी केल्याची तारखेची पोच. पोच नाही तर 15 दिवस मोजायचे कुठून? म्हणून मजूर बंधू-भगिनींनो, अर्ज लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसेवक, सरपंच मंडळींना विनंती, की पोच द्यायला कचरू नका. मागणीच नोंदली नाही तर वरून काम मंजूर होणार कसं? आणि शेतकरी दादांनो, गावचा कामांचा आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला हजर राहा. ओढ्याला उतार कुठे, पाणी कुठे मुरतं, माती कुठून वाहते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नाहीतर जिथे पाणी नाही तिथे बंधारा होईल आणि कोरडाच राहील.

राज्याच्या सभागृहाने हक्क दिला. तो गावात उतरवायचा तर ग्रामपंचायतीच्या टेबलावर ती पोच मिळाली पाहिजे.