पाण्यात उतरणारी चाके

अमेरिकेतील मिनेसोटा, मिशिगन या सरोवरांच्या प्रांतांत उन्हाळ्यातील शनिवारी मोटारीमागे छोटी नाव ओढीत निघालेल्या कुटुंबांचे सारे कौतुक त्या नावेच्या वाट्याला जाते. तिला वाहून नेणाऱ्या ट्रेलरकडे, त्याचे चाक भर रस्त्यात जाम होईपर्यंत, कोणी ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः त्याची चाकरी विलक्षण खडतर. महामार्गावर धावून तापलेली चाके उतरत्या धक्क्यावरून थेट थंड पाण्यात जातात. हबच्या पोटातील उष्ण हवा एकाएकी आकुंचन पावते, आतला दाब उणा होतो आणि मागच्या ऑइल सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. पुढचे काम गंज बिनबोभाट उरकतो.

दुरुस्तीची पाळी आली म्हणजे मालक प्रथम ट्रेलर बनविणाऱ्या कारखान्याचा शोध घेऊ लागतो, आणि तिथेच त्याची वाट चुकते. तो कारखाना पुष्कळदा केव्हाच बंद पडलेला असतो, पाटीवरची अक्षरे झिजलेली असतात, आणि जाणत्या दुकानदाराला त्या कुलवृत्तान्ताची गरजही नसते; कारण सांगाडा कोणाचाही असो, हब, बेअरिंग, सील आणि स्प्रिंगचे पाटे बहुधा बाजारातील ठरीव मापांचेच असतात. खरा दस्तऐवज बेअरिंगच्या अंगावर कोरलेला असतो. जुने बेअरिंग रॉकेलने धुऊन, चिंधीने कोरडे करून उजेडात तिरपे धरले, की आतल्या कड्यावर, उदाहरणार्थ, ‘एल ४४६४९’ हा क्रमांक वाचता येतो. हे १ १/१६ इंच व्यासाच्या स्पिंडलवर बसणारे, अशा ट्रेलरांत सर्रास आढळणारे बेअरिंग. त्याच्या जोडीचे बाहेरचे कडे ‘एल ४४६१०’. हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली ज्याचे पेटंट मिळविले, त्या निमुळत्या रोलर बेअरिंगच्याच कुळातले हे. क्रमांक पुसला असल्यास व्हर्नियर कॅलिपरने स्पिंडलचा व्यास मोजावा, पण दोन्ही बेअरिंगांच्या जागी वेगवेगळा. काही स्पिंडल टोकाकडे बारीक असतात आणि एकाच मापावर विसंबणाऱ्याला दुकानाची दुसरी खेप चुकत नाही.

नवे बेअरिंग जुन्या बाहेरच्या कड्यात बसविण्याची काटकसर मला मुळीच मान्य नाही. जुन्या कड्यावरचे ओरखडे नव्या रोलरांना लवकरच खाऊन टाकतात. स्प्रिंगच्या जोरावर ग्रीसवर दाब राखणारी टोपी उपयुक्त खरी, परंतु तिच्यात पंपाने ग्रीस ठासणारे उत्साही लोक मागचे सील स्वहस्ते उचकटतात. नट आवळताना हब फिरवीत राहावे, मग नट सैल करून केवळ बोटांनी टेकवावा आणि कॉटर पिन नवीच घालावी.

पाण्यात उतरण्यापूर्वी हबला हात लावून पाहा आणि तो निवेपर्यंत थांबा. आणि बेअरिंग बसवून, ग्रीस भरून तयार केलेला एक जादा हब मोटारीच्या डिकीत असू द्या; रविवारी संध्याकाळी महामार्गाच्या कडेला ‘एल ४४६४९’ विकणारा भेटेल, या भरवशावर निघू नका.